पाड्यावरून वर्कशॉपपर्यंत: आदिवासी मुलामुलींना आयटीआय आणि ॲप्रेंटिसशिपला नेणाऱ्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

आश्रमशाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक, ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या संस्थेत काम करू लागलेली तरुण मंडळी आणि घरातले पहिले शिकलेले ताई-दादा यांच्यासाठी हे लिहितो आहे. धडगाव, धारणी, मोखाडा, एटापल्ली, भामरागड अशा तालुक्यांतल्या मुलाला किंवा मुलीला वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर) व्हायचं असेल, तर काय करावं लागतं आणि ते कोणत्या क्रमाने, एवढंच यात आहे.

या भागांतही आता तालुक्याच्या गावी सरकारी आयटीआय आहे, आदिवासींसाठीच्या खास संस्था आहेत, शिष्यवृत्ती आहे. तरीही मुलं गळतात. हातात कानस किंवा टेस्टर आल्यावर गळणारी मुलं थोडी. बहुतेक गळतात ती दोन पायऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. दाखला वेळेत मिळत नाही, प्रवेश झाला तर राहायला जागा नाही, परीक्षा पास झाली तर ॲप्रेंटिसशिपचा (शिकाऊ उमेदवारीचा) पहिला स्टायपेंड हाती येईपर्यंत महिना काढायला पैसे नाहीत. म्हणून एक पायरी चढवताना पुढची पायरी तयार आहे का, हे बघणं हेच तुमचं खरं काम.

पायरी पहिली: कागद, आणि तेही पावसाच्या आधी

आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात. फेऱ्या पावसाळ्यात होतात आणि वर्ग साधारण ऑगस्टमध्ये भरतात. नेमक्या याच दिवसांत भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर येतं, सातपुड्यातले रस्ते खचतात, नेटवर्क जातं. म्हणून कागदांचं काम उन्हाळ्यातच उरकायचं. मूल नववीत असतानाच सुरुवात केली तर फार उत्तम.

सगळ्यात आधी आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्हींवर अक्षरश: एकच हवी. पाड्यावरच्या कितीतरी मुलांची जन्मतारीख शाळेत १ जून लावलेली असते आणि आधारवर वेगळी. आडनाव एका कागदावर कुळाचं असतं, दुसऱ्यावर आजोबांचं नावच आडनाव म्हणून घातलेलं असतं. ही तफावत प्रवेशाच्या वेळी कदाचित निभावून जाईल. शिष्यवृत्तीला अडते, परीक्षेच्या हॉल तिकिटाला अडते, आणि प्रमाणपत्रावर छापली गेली की दुरुस्त करायला वर्ष जातं. शाळेतली नोंद चुकीची असेल तर दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी मुख्याध्यापकांकडून ती दुरुस्त करून घ्या.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करायचा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख लक्षात ठेवा, कारण कुटुंब त्या आधीपासून इथलं आहे, याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर घाबरायचं कारण नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची जन्म-मृत्यूची नोंद मिळू शकते. जुना सातबारा आणि फेरफारही उपयोगी पडतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाईकाला आधीच जात वैधता (व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला खरा असल्याचं तपासणी समितीचं प्रमाणपत्र) मिळालेली असेल तर त्याची प्रत म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखं आहे. पाड्यावर पहिल्या ज्या घराला व्हॅलिडिटी मिळते, त्या घराचे कागद नीट जपून ठेवायला सांगा. पुढे सगळ्या भाऊबंदांना ते लागतात.

वैधतेचा प्रस्ताव अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे जातो. नंदुरबार, गडचिरोली, अमरावती अशा ठिकाणी या समित्या आहेत. प्रवेशाला नेमकं काय लागतं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. पण राखीव जागेवरच्या सरकारी नोकरीला वैधता लागतेच आणि वेळही लागतो, त्यामुळे प्रशिक्षण चालू असतानाच प्रस्ताव मार्गी लावा. नॉन-क्रीमी लेअरचा दाखला अनुसूचित जमातीला लागत नाही. तो काढायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

उत्पन्नाचा दाखला मात्र हवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. इथे एक खाचखळगा आहे. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जमा होतात, आणि मुलाने शेवटचं कुठलं खातं जोडलं ते त्यालाच आठवत नसतं. बाजाराच्या दिवशी कुणीतरी अंगठा घेऊन उघडून दिलेलं खातं असतं, शिष्यवृत्ती त्यात जाते आणि घरच्यांना वाटतं की आलीच नाही. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे ते एकदा तपासून घ्या.

पायरी दुसरी: ट्रेड निवडणं

ही पायरी घाईने उरकली जाते. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा.

विकल्प अर्ज भरताना सेतू केंद्रातला मुलगा सवयीने वीजतंत्री आणि जोडारी वर टाकतो, कारण सगळे तेच टाकतात. दोन्ही ट्रेड चांगले आहेत, दोन्ही दोन वर्षांचे आहेत आणि दोन्हींना गणित-विज्ञानासह दहावी लागते. पण दहावी नापास झालेल्यांसाठीही दार उघडं आहे. संधाता, सुतारकाम, नळ कारागीर, गवंडी हे ट्रेड आठवी पास असलेल्यांनाही मिळतात आणि एका वर्षाचे आहेत. वयाची खालची अट १४ वर्षं आहे, वरची अट नाही. त्यामुळे शाळा सोडून तीन-चार वर्षं वीटभट्टीवर किंवा गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या मुलालाही परत बोलावता येतं. हे पालकांना माहीतच नसतं, ते पाड्यावर जाऊन सांगा.

ट्रेड ठरवताना मुलाला तीन प्रश्न विचारा. शिकल्यावर तुला गावात राहायचं आहे, तालुक्याला, की शहरात कंपनीत? घरून किती महिने लांब राहू शकशील? आणि हात कशाकडे ओढतो, लाकडाकडे, लोखंडाकडे, विजेकडे की इंजिनाकडे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी फार मिळत नाही. मुलाला मे महिन्यात एक दिवस जवळच्या आयटीआयमध्ये घेऊन जा आणि निदेशकांना (ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकांना) विनंती करून प्रत्येक वर्कशॉप दाखवा. कुठे तो जास्त वेळ रेंगाळतो ते बघा.

गावात राहायचं असेल तर आज विजेचं आणि पाण्याचं काम वाढलेलं आहे. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, तेव्हापासून पाड्यापाड्यावर नळयोजना आल्या. सौर कृषी पंप आले. हे सगळं बिघडतं, आणि दुरुस्तीला माणूस तालुक्याहून यायला आठवडा लागतो. वीजतंत्री, तारतंत्री (वायरमन), नळ कारागीर आणि एका वर्षाचा सोलर टेक्निशियन हे ट्रेड इथे थेट कामाला येतात. संधात्याला कंपनीत आणि गावात दोन्हीकडे मागणी आहे. फक्त ज्या पाड्यावर व्होल्टेज टिकत नाही तिथे वेल्डिंग मशीन नीट चालत नाही, हे आधी सांगा. असा मुलगा बाजारपेठेच्या गावात दुकान टाकेल तर त्याचं चालेल.

मुलींना सरसकट शिवणकामाकडे पाठवू नका. ज्यांना आवडतं त्यांनी ते जरूर करावं, पण मुलींसाठी ३० टक्के जागा वीजतंत्री आणि जोडारीतही राखीव असतात. नळयोजनेची मोटर दुरुस्त करणारी बाई गावातलीच असेल, तर तिला दुपारी हाक मारता येते.

घरी बांबूचं काम चालत असेल तर आयटीआयखेरीज दुसरी वाटही बघा. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला वनविभागाचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे टोपलीपासून घराच्या सांगाड्यापर्यंतचं काम शिकता येतं.

पायरी तिसरी: राहणं, खाणं आणि हजेरी

प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी राहण्याचा प्रश्न हातात घ्या. शासकीय आदिवासी वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो आणि त्याच्या तारखाही वेगळ्या असतात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन आयटीआयच्या मुलांसाठी कुठल्या वसतिगृहात जागा आहे ते विचारा. कार्यालय तुमच्या तालुक्याला जव्हार, तळोदा, धारणी, अहेरी, भामरागड यांपैकी कुठलं लागतं ते आधी शोधून ठेवा. वसतिगृहाचा निर्णय लागेपर्यंतचे दिवस नाजूक असतात. त्यासाठी गावच्या चार-पाच मुलांनी मिळून खोली घ्यावी. एकटं पोर खोलीवर ठेवलं की दुसऱ्या आठवड्यात बाजाराच्या गाडीने परत येतं.

परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. हा आकडा पालकांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि सणांचं गणितही त्यांच्याबरोबरच मांडा. सातपुड्यात होळी म्हणजे तिच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारापासून पुढचे कितीतरी दिवस. मेळघाटात बाहेर कामाला गेलेली कोरकू कुटुंबं होळीला घरी परततात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता. वर्षाचा रोख पैसा यातूनच येतो, त्यामुळे मुलाला घरी थांबवलं म्हणून पालकांवर रागावण्यात अर्थ नाही. होळीला मूल घरी जाणारच, आणि जावं. मात्र पहिल्या सहा महिन्यांत एकही दिवस वाया घालवायचा नाही, म्हणजे होळीच्या सुट्ट्यांना हजेरी पुरते. दर महिन्याला निदेशकांना फोन करून हजेरी विचारा. तुम्ही विचारता हे कळलं की निदेशकही मुलाकडे जास्त लक्ष देतात.

पहिला महिना भाषेचा असतो. घरी माडिया, कोरकू किंवा पावरी बोललं जातं, निदेशक मराठीत शिकवतात आणि हत्यारांची नावं सगळी इंग्रजी असतात. व्हर्निअर, ट्राय स्क्वेअर, सेंटर पंच, मल्टिमीटर ही नावं कळेपर्यंत मूल गप्प बसतं आणि शिक्षकांना ते मंद वाटतं. जुलैतच एखाद्या माजी विद्यार्थ्याकडून हत्यारांचे फोटो काढून घ्या, त्यांची नावं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मुलाला ऐकवा. पहिल्याच दिवशी निदेशकांनी पाना मागितला आणि मुलाने तो अचूक उचलून दिला, की त्याची मान वर होते.

पायरी चौथी: ॲप्रेंटिसशिप

आयटीआयची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पास झाली की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. इथवर आलं की सगळ्यांना वाटतं, काम झालं. अर्धंच झालं आहे. वर्कशॉपमध्ये मुलगा लोखंडाच्या चौकोनी तुकड्याला कानस मारून काटकोन साधायला शिकतो. चालू यंत्र बंद पडलं तर कुठे हात घालायचा हे तो कारखान्यात किंवा डेपोतच शिकतो.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. ठरावीक ट्रेडमध्ये अनुसूचित जमातीसाठी जागा राखीव ठेवण्याची तरतूद याच कायद्यात आहे. २०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड ठरवला तो असा: दहावी पास असेल तर महिना ६,००० रुपये, आयटीआय झालेला असेल तर ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ. ही किमान रक्कम आहे. पुढे ती वाढवलीही जाते, म्हणून करार होईल तेव्हाचा दर पोर्टलवर बघा.

क्रम असा ठेवा. अप्रेंटिसशिप इंडिया या सरकारी पोर्टलवर मुलाची नोंदणी करा. जिल्ह्याच्या आयटीआयच्या आवारात मूलभूत प्रशिक्षण तथा आनुषंगिक सूचना केंद्र असतं, सगळे त्याला बीटीआरआय म्हणतात. तिथे जाऊन कुठल्या आस्थापनेत जागा आहेत ते विचारा. मग घराजवळच्या सार्वजनिक आस्थापनांपासून सुरुवात करा. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत मोटर मेकॅनिक, वीजतंत्री, संधाता लागतात, तर महावितरणला वीजतंत्री आणि तारतंत्री. चंद्रपूर-नागपूरकडे वेस्टर्न कोलफिल्ड्स, भद्रावतीचा आयुध कारखाना आणि औष्णिक वीज केंद्रं आहेत. पालघर-ठाण्याच्या मुलांना मध्य आणि पश्चिम रेल्वे, माझगाव डॉक जवळ पडतं, आणि नाशिककडच्या मुलांना ओझरचा एचएएल हा विमान कारखाना. रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना पहिल्या पातळीच्या भरतीत २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. अशा भरत्यांच्या जाहिराती वर्षातून एखाद्या वेळी येतात आणि मुदत थोडी असते, त्यामुळे गावातल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि जाहिरात दिसली की त्यावर टाकायला सांगा.

आता सर्वांत जपायची गोष्ट. खऱ्या ॲप्रेंटिसशिपमध्ये पोर्टलवर नोंदवलेला करार असतो आणि त्याला क्रमांक असतो. ठेकेदार गाडी पाठवतो, मुलांना दूरच्या औद्योगिक वसाहतीत नेतो, ‘ट्रेनी’ म्हणतो आणि लाइनवर उभं करतो. त्या कामाचं कुठलंही राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून गाडीत बसण्याआधी कराराचा क्रमांक मागायचा. मूळ कागदपत्रं कुणाच्याही हाती द्यायची नाहीत, छायाप्रतीच द्यायच्या. घातक उद्योगात १८ वर्षांखालच्या मुलाला घेता येत नाही. सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय ॲप्रेंटिसला जादा तास राबवता येत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. या पाच गोष्टी मुलाच्या तोंडून तीनदा म्हणवून घ्या, पालकांसमोर.

पहिला स्टायपेंड महिना संपल्यावर येतो. तोवरचं भाडं, मेस आणि प्रवास यांचे पैसे आधी जमवून ठेवावे लागतात. बचत गटाकडून बिनव्याजी उसने मिळतात का बघा, किंवा आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे न्यूक्लिअस बजेटमधून (स्थानिक गरजांसाठी त्यांच्या हाती असलेल्या निधीतून) काही मदत होते का ते विचारा. पोरं परत येतात ती बहुतेक याच महिन्यात.

मधल्या वर्षभरात बारावीकडेही लक्ष असू द्या. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला बारावी आणि वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घेता येते. आयटीआयच्या कार्यालयात त्याचा अर्ज मागा. आणखी शिकायची इच्छा असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळतो.

ज्यांना दोन वर्षं देता येत नाहीत त्यांच्यासाठी

घरची जबाबदारी अंगावर असलेल्या मुलांना लांबचा पल्ला झेपत नाही. प्रत्येक जिल्ह्यात बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथे राहून, जेवण-खाण धरून, फुकट शिकता येतं. मोबाइल दुरुस्ती, मोटर रिवाइंडिंग, शिवण असे काही आठवड्यांचे वर्ग असतात. घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्यात शिकता शिकता खरंच घर बांधलं जातं, म्हणून ते मला आवडतं.

एक वर्ष काढता येत असेल आणि कुठला एकच ट्रेड ठरत नसेल, तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या निवासी अभ्यासक्रमात वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन आणि अन्नप्रक्रिया असं सगळं हाताने करायला लावतात. पाड्यावर परतणाऱ्या मुलाला हरहुन्नरी असणं फार उपयोगी पडतं, कारण तिथे एकाच कामावर वर्षभर पोट भरत नाही.

वडिलोपार्जित सुतारकी, लोहारकी, टोपल्या-चटया विणणं चालू असलेल्या घरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय येतात. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं एक लाखाचं कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे नाव कुणाचं द्यायचं हे घरात बसून ठरवा.

पायरी पाचवी: हत्यारं आणि पहिलं काम

गावात काम करणाऱ्याने आधी परवाना घ्यावा. राज्याचं अनुज्ञापक मंडळ तारतंत्रीचा परवाना देतं, आणि घराच्या वायरिंगच्या कामाला तो लागतो. दुकानासाठी कर्ज हवं तर शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करा. महिलांसाठी त्यांच्याकडे ४ टक्के व्याजाची योजना आहे. पण पहिल्याच वर्षी मोठं कर्ज काढू देऊ नका. चांगला मल्टिमीटर, पान्यांचा संच, ड्रिल आणि सुरक्षेचे हातमोजे-चष्मा एवढ्यावर सुरुवात होते.

पहिलं काम ग्रामपंचायतीकडून मिळवून द्या. नळयोजनेची आणि पथदिव्यांची देखभाल गावातल्याच प्रशिक्षित मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. ठरावात दर आणि पैसे कधी द्यायचे ती तारीख लिहून घ्या. गावकीच्या नात्यात मजुरी मागायला मुलं लाजतात, कागदावर दर असला की मागता येते. आणि त्या कामावर पाड्यावरचं एखादं नववी-दहावीचं पोर हाताखाली घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात तुम्हाला वर्कशॉप दाखवायला ते आधीच तयार असेल.